सनफ्लावर काउंटी आणि नागरी हक्कांचे विरोधक

पहिल्या गोलमेज परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रेट्टमलई श्रीनिवासन यांनी अस्पृश्य वर्गाच्या राजकीय संरक्षणाची एक योजना मांडली होती. तिच्यातील समान नागरिकत्वाची कलमे ज्या परदेशी कायद्यांवर बेतलेली होती, त्यांत अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, १८६६ आणि १८७५ साली केलेले नागरी हक्क संरक्षणाचे दोन कायदे होते. ही योजना वाचताना एक गोष्ट मला फार लागते. ज्या १८७५ च्या कायद्याचा आधार बाबासाहेब लंडनमध्ये घेत होते, तो खुद्द अमेरिकेत तेव्हा सुमारे अर्धशतकापूर्वीच मेलेला होता. उतारूंची निवासगृहे, प्रवासी वाहने आणि नाट्यगृहे यांत वर्णावरून कोणालाही अडवू नये, असे सांगणारा तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८८३ साली घटनाबाह्य ठरवला, आणि तेवढाच साधा हक्क पुन्हा देशभरच्या कायद्यात यायला १९६४ साल उजाडावे लागले. मधल्या ८१ वर्षांत असे कायदे आणण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. ते बहुतेक वेळा दक्षिणेकडील राज्यांच्या सिनेटरांनी आणि प्रतिनिधींनी अडवले. त्यांनी ते का अडवले, हा या लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर ‘वर्णद्वेष’ असे दिले जाते, आणि ते खोटे नाही. त्या नेत्यांची सभागृहातील भाषणे वाचली तर कृष्णवर्णीयांविषयीचा तिरस्कार शोधावा लागत नाही, तो पानापानावर पसरलेला आहे. तरीही हे उत्तर अपुरे आहे असे मला वाटते, कारण द्वेष ही मनाची अवस्था आहे आणि येथे तर तीन पिढ्या चाललेली, नियमांनी बांधलेली, अत्यंत कुशलतेने राखलेली एक व्यवस्था होती. ती कोणाच्या फायद्याची होती, तिच्यात निवडून कोण येत होते आणि त्यांना निवडून कोण देत होते, हे पाहिल्याशिवाय विरोधाचा चिवटपणा समजत नाही.

मिसिसिपी राज्यातील सनफ्लावर काउंटीपासून सुरुवात करू. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा एक विभाग. मिसिसिपी आणि याझू या नद्यांच्या मधला, गाळाच्या काळ्या जमिनीचा जो सपाट प्रदेश डेल्टा म्हणून ओळखला जातो, त्यात ही काउंटी येते. विसाव्या शतकाच्या मध्याला येथील सुमारे दोन-तृतीयांश लोक कृष्णवर्णीय होते आणि बहुतेक जमीन गोऱ्या मळेवाल्यांच्या हातात होती. सिनेटर जेम्स ईस्टलँड यांचा पाच हजार एकरांहून मोठा कापसाचा मळा याच काउंटीत, डॉड्सव्हिलजवळ होता. १९५६ पासून १९७८ पर्यंत ते सिनेटच्या न्यायव्यवहार समितीचे अध्यक्ष होते, म्हणजे नागरी हक्कांचे प्रत्येक विधेयक नियमाप्रमाणे ज्या समितीकडे जायचे तिची किल्ली या मळेवाल्याकडे होती. शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे १९५४ मध्ये आला आणि जुलैमध्ये त्याच्या प्रतिकारासाठी ‘सिटिझन्स कौन्सिल’ ही संघटना स्थापन झाली. तिचे जन्मस्थान इंडियानोला, म्हणजे याच काउंटीचे मुख्य गाव. आणि फॅनी लू हेमर या कापूस वेचणाऱ्या बाईही याच काउंटीतील रूलव्हिलच्या. एकाच काउंटीत कायदा अडवणारा सिनेटर, त्याला बळ देणारी संघटना आणि ज्यांचा हक्क अडला होता ती बाई, अशी तिन्ही माणसांची व संस्थांची गाठ पडते, म्हणून मला ही जागा महत्त्वाची वाटते.

आधी जमिनीचा हिशोब पाहू. गुलामगिरी १८६५ साली संपली, पण जमीन मालकांकडेच राहिली. मुक्त झालेल्या कुटुंबांना अर्धेलीने शेती करण्यावाचून मार्ग उरला नाही. बियाणे, खत, खेचर आणि वर्षभराचे धान्य मालकाच्या किंवा त्याच्या ओळखीच्या दुकानदाराच्या खात्यावर उचलायचे आणि कापूस विकला गेला की त्याच माणसाने मांडलेला हिशोब निमूटपणे मान्य करायचा. मराठी वाचकाला ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही. या व्यवस्थेत मजुराला न्यायालयात जाता येणे, शेरीफ म्हणजे काउंटीचा पोलीस प्रमुख निवडता येणे, मुलाला पूर्ण वेळ शाळेत पाठवता येणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट कापसाच्या भावात भर घालणारी होती. कापूस वेचणीच्या दिवसांत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा बंद राहत, ही काही सांस्कृतिक परंपरा नव्हती.

हेच गणित संघराज्याच्या कायद्यांतही उतरले. १९३५ च्या कामगार संघटनांविषयीच्या कायद्यातून आणि १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यातून शेतमजूर व घरकामगार वगळले गेले. १९३५ च्या वृद्धापकाळाच्या विम्यातूनही हीच दोन कामे बाहेर राहिली. दक्षिणेतील बहुतेक कृष्णवर्णीय माणसे त्या वेळी नेमकी हीच कामे करत होती. या वगळण्यामागे एकट्या दक्षिणेचाच हात होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण वसुलीच्या अडचणींसारखी इतरही कारणे पुढे आली होती. परंतु दक्षिणेच्या मतांशिवाय हे कायदे मंजूर होणार नव्हते आणि दक्षिणेच्या प्रतिनिधींना स्वस्त मजुरीला धक्का लागू द्यायचा नव्हता, एवढे निश्चित आहे.

तरीही केवळ जमीन आणि मजुरी एवढ्यावर थांबलो तर एक अडचण येते. १९४० च्या दशकात कापूस वेचण्याचे यंत्र डेल्टामध्ये आले, लाखो कृष्णवर्णीय लोक शिकागो, डेट्रॉइटसारख्या शहरांकडे निघून गेले, आणि १९६० पर्यंत मळेवाल्यांची हाताने काम करणाऱ्या मजुरांची गरज झपाट्याने घटत होती. मजुरीच्या लोभाने चाललेला विरोध असता, तर तो याच काळात सैल पडायला हवा होता. प्रत्यक्षात तो याच काळात सर्वांत उग्र झाला. याचे कारण मला मतदारयादीत दिसते.

यादवी युद्धानंतर थोडा काळ दक्षिणेतील कृष्णवर्णीय पुरुषांनी मतदान केले होते. मिसिसिपीने १८७० साली हायरम रेव्हल्स आणि नंतर ब्लांश ब्रूस असे दोन कृष्णवर्णीय सिनेटर वॉशिंग्टनला पाठवले होते. १८७७ नंतर संघराज्याचे सैन्य मागे गेले आणि हिंसा, धमक्या व मतपेट्यांतील फसवणूक यांनी ही माणसे बाजूला सारली गेली. पण रोज फसवणूक करत राहणे जिकिरीचे असते. म्हणून १८९० साली मिसिसिपीने नवी राज्यघटना केली आणि तिच्यात मतदान कर व राज्यघटनेतील कलमाचा अर्थ सांगण्याची परीक्षा घातली. पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली होती, म्हणून या नियमांत वर्णाचा उल्लेख कुठेही नव्हता. उत्तर बरोबर की चूक हे ठरवणारा कारकून मात्र गोराच असणार होता. अलाबामाच्या १९०१ च्या घटना परिषदेचे अध्यक्ष जॉन नॉक्स यांनी तर उद्घाटनाच्या भाषणातच सांगून टाकले की, संघराज्याच्या घटनेने घातलेल्या मर्यादांत राहून या राज्यात गोऱ्यांचे वर्चस्व स्थापन करणे हेच आपले काम आहे. लुइझियानात १८९६ साली १,३०,००० हून अधिक कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ साली त्या यादीत १,३४२ नावे उरली.

या आकड्यासोबत आणखी एक गोष्ट घडली आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जाते. मतदान कर गरीब गोऱ्यांनाही परवडत नव्हता आणि वाचनाची परीक्षा त्यांतल्याही अनेकांना जड होती. १८९० च्या दशकात पॉप्युलिस्ट पक्षाने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना कर्ज, रेल्वेभाडे आणि कापसाचा भाव या समान दुःखांवर एकत्र आणण्याचा प्रयत्न केला होता, आणि सत्ताधारी डेमोक्रॅट मळेवाल्यांना त्याची खरी धास्ती वाटली होती. जॉर्जियाचे टॉम वॉटसन हे त्या प्रयत्नाचे पुढारी होते. पराभव झाल्यावर हेच वॉटसन कडव्या वर्णद्वेषाकडे वळले आणि १९२० साली त्याच वाटेने सिनेटवर निवडून गेले. म्हणजे मतदारयादी आक्रसली तेव्हा तिच्यातून केवळ एक वर्ण वगळला गेला नाही. खालच्या थरातील युतीची शक्यताही वगळली गेली, आणि मागे राहिले ते सुस्थितीतील गोऱ्यांचे एक आटोपशीर मतदारमंडळ.

अशा लहान मतदारमंडळातून, एकाच म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रदेशात, एकदा निवडून आलेला माणूस सहसा हरत नाही. काँग्रेसमध्ये समित्यांची अध्यक्षपदे सेवाज्येष्ठतेने मिळत असल्यामुळे दक्षिणेचे हे न हरणारे सदस्य आपोआप मोक्याच्या जागी पोहोचत. जॉर्जियाचे रिचर्ड रसेल १९३३ पासून १९७१ पर्यंत, मृत्यूपर्यंत, सिनेटमध्ये होते. व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ प्रतिनिधिगृहाच्या ज्या नियम समितीचे अध्यक्ष होते, तिच्या परवानगीशिवाय विधेयक सभागृहासमोर येणे अवघड असे. आणि या सर्व पायऱ्या ओलांडून एखादे विधेयक सिनेटमध्ये आलेच, तर ‘फिलिबस्टर’ होता, म्हणजे चर्चा संपूच न देणे. ती बंद करण्यास दोन-तृतीयांश मते लागत. जमावाने माणसे ठार मारण्याविरुद्धचे डायर विधेयक १९२२ साली प्रतिनिधिगृहात मंजूर झाले आणि सिनेटमध्ये याच मार्गाने गाडले गेले. १९३० च्या दशकात तशीच आणखी विधेयके गेली. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांसाठी जोर लावला नाही, कारण मंदीतून देश वर काढणाऱ्या त्यांच्या प्रत्येक विधेयकाचा रस्ता दक्षिणेच्या समिती-अध्यक्षांच्या दारावरून जात होता. झुंडबळीविरुद्धचा संघराज्याचा कायदा अखेर २०२२ साली झाला, म्हणजे डायर विधेयकानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

ज्यांना मत नाही त्यांच्या डोक्यांची संख्या मात्र प्रतिनिधित्व ठरवताना धरली जात होती. प्रतिनिधिगृहातील जागा लोकसंख्येवर ठरतात, मतदारसंख्येवर नाही. सनफ्लावर काउंटीतील प्रत्येक कृष्णवर्णीय बालक आणि बाई मिसिसिपीच्या जागांच्या हिशोबात मोजली जाई, आणि त्या जागेवर बसणारा माणूस त्यांच्याच विरुद्ध मत देई. लोकशाहीच्या इतिहासात यापेक्षा कठोर अन्याय फारसे आढळणार नाहीत असे माझे मत आहे.

आता विरोध कोठे सर्वांत तीव्र होता ते पाहिले, तर हा धागा आणखी घट्ट होतो. ज्या भागांत कृष्णवर्णीय लोक थोडे होते, तेथील गोरे पुढारी तुलनेने मवाळ होते. जेथे ते अर्ध्याहून अधिक होते, तेथे तडजोडीची भाषाही पाप समजली जाई. अलाबामातील लाउंडेस काउंटीत पाचांपैकी चार माणसे कृष्णवर्णीय होती आणि १९६५ च्या आरंभी तेथील मतदारयादीत एकही कृष्णवर्णीय नाव नव्हते. शेजारच्या सेल्मा शहराच्या काउंटीत मतदानाच्या वयाच्या सुमारे १५,००० कृष्णवर्णीयांपैकी तीनशेच्या आसपास लोक नोंदलेले होते. अशा ठिकाणी मताधिकाराचा कायदा अमलात आला तर पुढच्या निवडणुकीत शेरीफ, शाळा मंडळ, करआकारणी करणारा अधिकारी आणि न्यायाधीश असे सर्वच बदलू शकत होते. यंत्र आल्यामुळे मळेवाल्याला मजुरांची गरज उरली नव्हती, पण ती माणसे तेथेच राहत होती आणि त्यांची संख्या जास्त होती. पूर्वी जे हात हवे होते, तीच आता नको असलेली मते झाली होती.

न्यायदानाचाही यादीशी थेट संबंध होता. ज्युरी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिकांचे मंडळ, नोंदलेल्या मतदारांतून निवडली जाई. १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाच्या खुनाचा खटला सनफ्लावरच्या शेजारच्या टॅलहाची काउंटीत चालला. तेथे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय असूनही ज्युरीतील बाराही जण गोरे पुरुष होते, आणि त्यांनी साधारण तासाभरात आरोपींना निर्दोष सोडले. काही महिन्यांनी त्या आरोपींनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची कबुली दिली. १९५७ च्या नागरी हक्क विधेयकावर दक्षिणेच्या सिनेटरांनी हट्टाने जी दुरुस्ती करून घेतली ती ज्युरीचीच होती. मताधिकार नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर न्यायालयाच्या अवमानाचा फौजदारी खटला झाला, तर त्याला ज्युरी मिळावी, अशी ती मागणी होती. ऐकायला ती नागरी स्वातंत्र्याची मागणी वाटते, आणि ज्युरीची यादी कोण तयार करते हे ठाऊक नसलेल्या उत्तरेतील अनेक सदस्यांना ती तशी वाटलीही. एवढे पाणी घातलेल्या त्या विधेयकाविरुद्धही दक्षिण कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड २४ तास १८ मिनिटे बोलत उभे राहिले.

या सर्व काळात सभागृहात जो युक्तिवाद सर्वांत आदराने मांडला गेला तो राज्यांच्या अधिकारांचा होता. शाळा, पोलीस आणि निवडणुका हे स्थानिक विषय असून वॉशिंग्टनने त्यांत पडू नये, असे तो सांगत असे. भारतातही राज्यांच्या अधिकारांचा प्रश्न जिवंत आहे आणि मी स्वतः संघराज्य पद्धतीचा मनापासून पुरस्कर्ता आहे, म्हणून या युक्तिवादाला मी सहजासहजी ढोंग म्हणणार नाही. पण दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. पहिली अशी की, दक्षिणेला संघराज्याची सत्ता नेहमीच नको होती असे नाही. १८५० च्या कायद्याने पळून गेलेल्या गुलामांना पकडून परत आणण्याचे काम संघराज्याच्या अधिकाऱ्यांवर सोपवले होते, आणि उत्तरेकडील राज्यांनी त्यात अडथळे आणले तेव्हा त्या राज्यांच्या अधिकारांची कदर दक्षिणेने केली नव्हती. पुढे कापसाच्या अनुदानाचे धनादेश, टेनेसी खोऱ्यातील वीज आणि लष्करी तळ हे सारे वॉशिंग्टनहूनच येत होते आणि ते आणण्यात हेच सिनेटर सर्वांत पुढे होते. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. ‘मिसिसिपीच्या लोकांना हे मान्य नाही’ असे ईस्टलँड म्हणत, तेव्हा मिसिसिपीतील दर पाच माणसांतील दोन माणसांना त्या ‘लोकां’त धरलेलेच नव्हते. १९६४ साली राज्यातील मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी ७ टक्क्यांहून कमी लोक नोंदलेले होते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते, आणि न विचारण्याची तजवीज करून मग स्थानिक लोकमताचा हवाला देणे हे स्वराज्य नव्हे.

मार्च १९५६ मध्ये १९ सिनेटर आणि ८२ प्रतिनिधींनी शाळांविषयीच्या निकालाविरुद्ध जे जाहीर निवेदन काढले, त्याखालच्या सह्या वाचताना मन विषण्ण होते. त्यांत ईस्टलँड आणि थर्मंड असणारच. पण त्यांत अलाबामाचे लिस्टर हिल आहेत, ज्यांनी १९४६ च्या कायद्याने देशभर, विशेषतः ग्रामीण भागांत, रुग्णालये बांधण्यासाठी निधी आणला. मात्र त्याच कायद्यात गोऱ्यांची व कृष्णवर्णीयांची रुग्णालये वेगळी ठेवण्याची मुभाही होती. त्यांत अर्कान्सासचे विल्यम फुलब्राइट आहेत, ज्यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीने भारतातूनही पुष्कळ विद्यार्थी व अध्यापक अमेरिकेत गेले. शाळांत मुलांना दुपारचे जेवण देण्याच्या १९४६ च्या राष्ट्रीय कायद्यामागे उभे असलेले रिचर्ड रसेल हे त्या निवेदनाचे प्रमुख शिल्पकार होते. ही माणसे निर्बुद्ध नव्हती आणि सर्वच बाबतींत निर्दयही नव्हती. गरिबीची त्यांना जाण होती, गरिबांसाठी त्यांनी काम केले होते. परंतु नागरी हक्कांवर वेगळे मत दिले तर आपण परत निवडून येणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि या प्रश्नावर पद सोडावे इतके मोल त्यांतल्या बहुतेकांनी त्याला दिले नाही. रसेल यांच्या बाबतीत तर भीतीचे कारणही देता येत नाही, कारण त्यांना हरवणारा कोणी नव्हता आणि त्यांचा विरोध श्रद्धेचाच होता.

भीती खोटी मात्र नव्हती. अर्कान्सासमधील लिटल रॉक येथे १९५७ साली नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जाण्यापासून रोखण्यासाठी राज्यपाल ऑर्व्हल फॉबस यांनी सैनिक उभे केले. हे फॉबस एका समाजवादी बापाचे पुत्र होते आणि आधी मवाळ म्हणूनच ओळखले जात. त्या कृत्यानंतरही ते निवडून येतच राहिले, आधीच्या धरून एकंदर सहा वेळा. त्याच शहराचे प्रतिनिधी ब्रूक्स हेज यांनी राज्यपाल आणि अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यात समेट घडवून आणण्याचा प्रयत्न केला. या हेज यांनी १९५६ च्या निवेदनावर सही केलेली होती, तरी केवळ समेटाची भाषा बोलल्याबद्दल १९५८ साली त्यांना घरी बसावे लागले, आणि तेही ज्याचे नाव मतपत्रिकेवर छापलेले नव्हते, मतदारांनी हाताने लिहून घातले होते, अशा उमेदवाराकडून. अलाबामात जॉर्ज वॉलेस १९५८ ची राज्यपालपदाची प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, हरले तेव्हा कृष्णवर्णीयांच्या संघटनेचा त्यांना पाठिंबा होता आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यामागे कू क्लक्स क्लॅन ही मुखवटे घालून हिंसा करणारी गोऱ्यांची संघटना उभी होती. वॉलेस यांनी त्या पराभवातून घ्यायचा तो धडा घेतला, १९६२ साली निवडून आले, आणि जानेवारी १९६३ मध्ये शपथविधीच्या भाषणात आज, उद्या आणि सदासर्वकाळ वर्णभेद राहील अशी घोषणा केली. मतदारयादीच जर अशी गाळून घेतलेली असेल, तर तिच्यातून कोणते नेतृत्व वर येईल हे आधीच ठरलेले असते.

वरच्या या राजकारणाला खालून आधार दिला तो सिटिझन्स कौन्सिलने. क्लॅनसारखे मुखवटे तिच्या सदस्यांनी घातले नाहीत, कारण त्यात बँकेचे व्यवस्थापक, वकील, दुकानदार आणि मळेवाले होते आणि त्यांचे हत्यार आर्थिक होते. याझू सिटी येथे १९५५ साली ५३ कृष्णवर्णीय पालकांनी शाळा एकत्र करण्याच्या अर्जावर सह्या केल्या. कौन्सिलने ती सर्व नावे वर्तमानपत्रात जाहिरातीसारखी छापली. त्यानंतर कोणाची नोकरी गेली, कोणाला दुकानदाराने माल देणे बंद केले, आणि पाहता पाहता जवळजवळ सर्वांनी सह्या मागे घेतल्या. बाबासाहेबांच्या योजनेत बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा म्हणून मांडलेला होता आणि त्याचा मसुदा १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतलेला होता, याचे महत्त्व येथे कळते. ज्याच्या हाती जमीन, दुकान आणि पतपुरवठा आहे, त्याला हक्क नाकारण्यासाठी हात उगारावा लागत नाही. महाराष्ट्रातील गावांनी हे कितीतरी आधीपासून पाहिले होते.

हेमरबाईंचे तेच झाले. वीस भावंडांतल्या त्या शेवटच्या. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या आणखी सतरा जणांबरोबर बसने इंडियानोलाला नाव नोंदवायला गेल्या. राज्यघटनेतील एका कलमाचा अर्थ लिहायला सांगून त्यांना नापास करण्यात आले, आणि परतीच्या वाटेवर बसचा रंग चुकीचा असल्याचे कारण काढून पोलिसांनी चालकाला दंड केला. ज्या मळ्यावर त्यांनी अठरा वर्षे काम केले होते, त्याच्या मालकाने अर्ज मागे घे नाहीतर निघून जा असे सांगितले. मी नोंदणी तुमच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी करायला गेले होते, असे उत्तर देऊन त्या त्याच रात्री बाहेर पडल्या. पुढच्या वर्षी विनोना येथील तुरुंगात त्यांना इतकी मारहाण झाली की तिचे परिणाम त्यांना जन्मभर भोगावे लागले. ऑगस्ट १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी ही सर्व हकीकत देशासमोर सांगितली.

त्याआधीच, २ जुलै १९६४ रोजी, नागरी हक्क कायद्यावर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची सही झाली होती. रसेल यांनी आपल्या अठरा सहकाऱ्यांच्या सहा-सहा जणांच्या तीन तुकड्या केल्या होत्या, म्हणजे एक तुकडी बोले तेव्हा उरलेल्या विश्रांती घेत, आणि अशा रीतीने विधेयक जवळजवळ साठ कामकाजी दिवस रोखून धरले गेले. मजुरांच्या आणि करांच्या प्रश्नांवर पूर्वी दक्षिणेला अनेकदा साथ देणारा रिपब्लिकन पक्ष या वेळी सिनेटमधील त्यांचे नेते एव्हरेट डर्कसन यांच्या प्रयत्नाने बाजूला झाला. १० जून रोजी चर्चा बंद करण्याच्या प्रस्तावावर ७१ विरुद्ध २९ मते पडली. मेंदूच्या गाठीमुळे बोलू न शकणारे कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल चाकाच्या खुर्चीवरून आले आणि त्यांनी डोळ्याकडे बोट दाखवून होकार दिला. यादवी युद्धात बंड करून उठलेल्या दक्षिणेच्या अकरा राज्यांच्या सिनेटरांपैकी कायद्याच्या बाजूने अखेरचे मत देणारे टेक्सासचे राल्फ यार्बरो एकटे होते.

जॉन्सन स्वतः टेक्सासचे. प्रतिनिधी आणि सिनेटर म्हणून वीस वर्षे त्यांनी प्रत्येक नागरी हक्क विधेयकाविरुद्ध मत दिले होते, १९५७ चे विधेयक त्यांनीच पाणी घालून मंजूर करवून घेतले, आणि १९६४ चे तसेच १९६५ चे विधेयक त्यांनीच पूर्ण ताकदीने पुढे नेले. त्यांच्या मनात काय बदलले याची चर्चा चरित्रकार करोत. जे डोळ्यांना दिसते ते असे की, टेक्सासच्या मतदारांसमोर उभा असलेला माणूस आता साऱ्या देशाच्या मतदारांसमोर उभा होता.

उत्तरेला यातून सुटका नाही. शाळा आणि उपाहारगृहे मिसिसिपीत खुली करण्यास उत्सुक असलेले मतदार स्वतःच्या मोहल्ल्यातील घरांविषयी वेगळे बोलत. घरविक्रीत भेदभाव करण्यास मनाई करणारा राज्याचा कायदा नोव्हेंबर १९६४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सुमारे ६५ टक्के मतांनी निष्प्रभ केला, आणि तेथे कोणालाही मतदारयादीतून गाळलेले नव्हते. माझ्या सर्व युक्तिवादाला येथे मर्यादा पडते हे मान्य केले पाहिजे. सर्वांना मत असले म्हणजे अल्पसंख्याकांचे हक्क आपोआप सुरक्षित होतात असे नाही.

तरीही दक्षिणेत पुढे जे घडले ते यादीची ताकद दाखवते. ऑगस्ट १९६५ च्या मताधिकार कायद्याने साक्षरतेच्या परीक्षा बंद झाल्या, संघराज्याचे नोंदणी अधिकारी पाठवण्याची सोय झाली, आणि ज्या प्रदेशांचा पूर्वेतिहास वाईट होता त्यांना निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्याआधी परवानगी घेणे भाग पडले. मिसिसिपीत १९६७ पर्यंत मतदानाच्या वयाचे जवळजवळ ६० टक्के कृष्णवर्णीय नोंदले गेले. वॉलेस यांनी कृष्णवर्णीयांची जाहीर माफी मागितली आणि १९८२ ची शेवटची निवडणूक त्यांच्याच मोठ्या मतांच्या बळावर जिंकली. थर्मंड यांनी १९८२ साली याच मताधिकार कायद्याची मुदत वाढवण्याच्या बाजूने मत दिले. सनफ्लावर काउंटीच्या ईस्टलँड यांनी १९७८ साली पुन्हा उभे राहण्याचा विचार करताना मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांचे नेते ॲरन हेन्री यांच्याकडे पाठिंबा मागितला. हेन्री यांनी त्यांना स्पष्ट सांगितले की, तुमची वृत्ती मालक-नोकराची आहे आणि आमच्या लोकांत तुम्हाला पाठिंबा मिळण्याची आशा फारशी नाही. ईस्टलँड निवडणुकीला उभे राहिले नाहीत.

पूर्वपरवानगी कोणत्या राज्यांना लागेल हे ठरवणारे कलम सर्वोच्च न्यायालयाने जून २०१३ मध्ये रद्द केले. त्याच दिवशी टेक्सासने, न्यायालयाने आधी अडवलेला मतदार ओळखपत्राचा कडक कायदा आता लागू होईल असे जाहीर केले. काही आठवड्यांत उत्तर कॅरोलायनाने ओळखपत्राची सक्ती करणारा आणि मतदानाचे आगाऊ दिवस कमी करणारा कायदा केला. २०१६ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने तो रद्द करताना नोंदवले की, कोणत्या वर्णाचे मतदार मतदानाच्या कोणत्या सोयी वापरतात याची आकडेवारी विधिमंडळाने आधी मागवली होती आणि मग नेमक्या कृष्णवर्णीय मतदार वापरत असलेल्या सोयी काढून घेतल्या होत्या.